कसुरी

कसुरी म्हटले की बहुतेक घरांत मेथी आठवते. माझ्याही आठवणीत मेथीच राहिली असती. पण माझे लहानपण नायगावात, बी. डी. डी. चाळींच्या शेजारी गेले, आणि तिथे या शब्दाला निराळाच वास आहे. "अमक्यांची कसुरी निघाली" असे कोणी नळावर म्हणाले की बायका बादली खाली ठेवून पुढचे ऐकत. कसुरी म्हणजे पोलीस शिपायाच्या हातून कसूर झाल्याचा, वर धाडलेला अहवाल. हजेरीला दहा मिनिटे उशीर, पट्ट्याचे बक्कल न घासलेले, पहाऱ्यावर लागलेली डुलकी, साहेबांची गाडी गेली तेव्हा राहून गेलेला सलाम, असे काहीही तिच्यात मावते. ती निघाली की 'कारणे दाखवा' असा कागद घरी येतो, आणि कागद आला की त्याला उत्तर द्यावे लागते. त्या उत्तराला खुलासा म्हणतात.

मी कादंबऱ्या लिहिते हे पुष्कळांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतल्या पुष्कळांनी त्या वाचलेल्या नाहीत. खुलासे मात्र मी कितीतरी वर्षे लिहीत आले आहे, आणि माझे सर्वांत लक्ष देऊन वाचले गेलेले लेखन तेच असावे. पहिला खुलासा मी मॅट्रिक झाले त्या सुट्टीत लिहिला. मैत्रिणीचे वडील हातात कागद घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि माझ्या आईला म्हणाले, "वहिनी, पोरीचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. एवढं लिहून द्यायला सांगा." तेव्हापासून हे चालू आहे. मध्यंतरी संगणक आला, मोबाइल आला. अक्षराची मातब्बरी संपली. पण 'सविनय सादर करण्यात येते की' इथून निघून 'तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' इथपर्यंत न अडखळता पोहोचणे हे यंत्राला अजून नीटसे साधत नाही, आणि शाळेतल्या बाईंना ते साधते, असा आमच्या वस्तीचा समज आहे. मी तो मोडलेला नाही.

ज्यांनी या चाळी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. त्या खात्याच्या तीन आद्याक्षरांवरून बी. डी. डी. हे नाव पडले, आणि खाते विसरले गेले तरी अक्षरे राहिली. वरळीला, ना. म. जोशी मार्गावर, शिवडीला आणि आमच्या नायगावात. एकेक खोली एकशे साठ चौरस फुटांची. तीत गिरणी कामगारांची बिऱ्हाडे, आणि शेजारच्याच इमारतींत पोलिसांची. आता त्यांच्या जागी उंच मनोरे उठू लागले आहेत. पण ज्या काळाचे मी बोलते आहे तेव्हा एका खोलीत रात्रपाळीचा हवालदार दिवसा झोपलेला असे, त्याच्या उशाशी मुले आवाज न करता पाढे पाठ करीत, आणि वरच्या दोरीवर खाकी कपडे वाळत. कोणाच्या दोरीवर ते कपडे दोन-चार आठवडे दिसले नाहीत की चाळीला न सांगता कळे. निलंबन.

निलंबन ही शिक्षा नव्हे, असे खात्याचे म्हणणे असते. ती केवळ चौकशीपुरती तजवीज. कागदावर ते खरेही आहे. माणसाला नोकरीवरून काढलेले नसते; सुरुवातीला निम्म्या पगाराच्या हिशेबाने निर्वाह भत्ता मिळतो, दुसरीकडे काम करायची मनाई असते, आणि काम नसताना मुख्यालयात रोज हजेरी मात्र द्यावी लागते. अंगावर वर्दी नाही, हातात काठी नाही, आणि जाऊन फक्त "हजर" म्हणून यायचे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने 'माझे बाबा' या विषयावर लिहिले होते की माझे बाबा रोज सकाळी पोलिसांच्या शाळेत जातात आणि हजेरी झाली की घरी येतात. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले. त्याच्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

खरी शिक्षांची उतरंड १९५६च्या नियमांत आहे. मुंबई पोलीस कायदा १९५१चा, त्याखालचे हे नियम. खालच्या पायरीवर ताकीद, मग ठपका, जादा कवायत, दंड, वेतनवाढ रोखणे. वरच्या पायऱ्यांवर पदावनती, सक्तीची निवृत्ती, नोकरीतून काढून टाकणे, आणि शेवटी बडतर्फी. काढून टाकणे आणि बडतर्फी यांत फरक काय, असे मी एकदा एका निवृत्त जमादारांना विचारले होते. ते म्हणाले, "काढलेल्याला दुसरी सरकारी नोकरी मागता येते. बडतर्फाला तीही मागता येत नाही." एवढे सांगून त्यांनी पानाचा डबा उघडला. आपल्या आयुष्यात त्यांनी दोन्ही प्रकारची माणसे पाहिली होती.

आता जे सांगायचे त्याकडे वळते. मी लिहिलेल्या खुलाशांची मोजदाद मी ठेवलेली नाही. पण ते सगळे डोळ्यांपुढे आणले तर एक गोष्ट ठळक दिसते. टोपी नव्हती, नावाची पट्टी वाकडी होती, रजेवरून एक दिवस उशिरा आला, नाकाबंदीच्या जागेवरून चहाला गेला, साहेबांना उलट बोलला, आर्थर रोडच्या तुरुंगातून कोर्टात नेलेला कैदी गर्दीत निसटला, बंदोबस्तात खुर्चीवर बसलेला आढळला. हे सगळे माझ्या हातून गेले. पण एखाद्या शिपायाने अथवा अधिकाऱ्याने रस्त्यावरच्या माणसाला विनाकारण मारले, त्याची तक्रार घेतली नाही, त्याच्या हातगाडीवरची केळी उचलली, म्हणून निघालेली कसुरी माझ्याकडे एकदाही आली नाही. ही कृत्ये आमच्या भागात घडतच नाहीत असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही, आणि वाचकही नसतील. कायद्यात तशी सोयही आहे. पोलीस कायद्याचे १४७वे कलम विनाकारण छळणाऱ्या, अनावश्यक बळ वापरणाऱ्या पोलिसासाठीच लिहिलेले आहे. पण वस्तीतल्या खुलाशांवरून पाहिले तर पोलिसाचे गुन्हे सगळे वरच्या दिशेने घडतात. साहेबाचा अपमान होतो, खालच्या माणसाचा होत नाही.

ही काही आजची गोष्ट नाही. आणि पूर्वी सारेच आलबेल होते असे म्हणायचीही सोय नाही. मुंबईतला पोलिसांचा इतिहास चाळला तर अगदी आरंभीच दोन साहेब आरोपीच्या पिंजऱ्यात दिसतात. जेम्स टॉड नावाचे पोलीस-लेफ्टनंट १७९० साली लाचखोरीसाठी खटल्यात सापडले. पुढे १८१० साली चार्ल्स ब्रिस्को या पोलीस सुपरिंटेंडेंटांवर त्याच आरोपावरून खटला झाला. त्या प्रकरणानंतरच शहराच्या पोलीस व्यवस्थेची नव्याने मांडणी करावी लागली. पुढे १८५५च्या सुमारास चार्ल्स फोर्जेट आले. ते वेषांतर करून शहरात हिंडत आणि स्वतःच्या शिपायांनाही पारखून घेत. ताडदेवला त्यांच्या नावाचा रस्ता आहे; त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ही हकिगत ठाऊक असेल, कोण जाणे. मला कौतुक वाटते ते वेषांतराचे नव्हे. वरचा माणूस सामान्य माणसाच्या कपड्यांत आपल्याच चौकीसमोर उभा राहिला, याचे वाटते. तिथून जे दिसते ते केबिनमधून दिसत नाही.

आमच्या वस्तीत मात्र इतिहास म्हणजे १९८२. मी तेव्हा पाळण्यात होते, पण ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की मी तिथे हजर होते असे मला कधीकधी वाटते. गिरणी कामगारांचा संप जानेवारीत सुरू झाला होता. परळ-लालबागची भोंग्याची सवय मोडली होती. पोलीस शिपायांचीही संघटना होती. त्यांच्या मागण्या फार मोठ्या नव्हत्या: कामाचे ठरावीक तास, राहायला बरी जागा, आणि साहेबांच्या घरी भाजी आणण्याची, मुलांना शाळेत पोहोचवण्याची कामे बंद व्हावीत. १५ ऑगस्टला त्यांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला पहाटे सरकारने संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली, आणि नायगाव-वरळीच्या पोलीस वसाहतींभोवती बाहेरची सशस्त्र दले उभी राहिली. मग जे व्हायचे ते झाले. पोलीस रस्त्यावर आले, संपावरचे कामगार त्यांच्यात मिसळले, दगड उडाले, दुकाने फुटली, आणि शहरात सैन्य बोलवावे लागले. माझी आजी सांगे की त्या दिवशी तिने मला कपाटाच्या आड ठेवले होते, कारण आमच्या खोलीत आडोसा म्हणण्यासारखे दुसरे काही नव्हतेच.

त्यानंतर जी शिस्त लावण्यात आली ती फार वेगाने लावली गेली. अनेक शिपायांना चार-सहा दिवसांत बडतर्फीचे कागद मिळाले, चौकशीवाचून. आपल्या राज्यघटनेच्या ३११व्या कलमाने सरकारी नोकराला एक आधार दिला आहे: आरोप काय आहेत ते सांगितल्यावाचून आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला बडतर्फ करता येत नाही. पण त्याच कलमात एक दार मागच्या बाजूने उघडे आहे. चौकशी करणे व्यवहार्य नाही असे अधिकाऱ्याने लेखी नोंदवले तर ती टाळता येते. ते दार त्या दिवसांत उघडले गेले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली तुलसीराम पटेल यांच्या गाजलेल्या निकालात ही तरतूद उचलून धरली, आणि मुंबईच्या बडतर्फ शिपायाचे प्रकरण १९८६ साली तिथे पोहोचले तेव्हा तेही त्याच निकालाच्या वाटेने गेले. दंगा करणाऱ्या पोलिसाला शिक्षा होऊ नये असे माझे म्हणणे नाही. दुकाने फुटली ती कोणाची तरी होती. मी फक्त वेग पाहते आहे. सरकारला मनावर घेतले तर पोलिसावर कारवाई करायला एक आठवडाही पुरतो, एवढे त्या ऑगस्टने सिद्ध केले.

मग दुसरा वेग पाहा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळाली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या शाळेच्या मैदानात किती दिवस कोणी खेळले नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगाने पाच वर्षे साक्षी घेतल्या. १९९८ साली अहवाल आला. त्यात एकतीस पोलिसांच्या वर्तनावर नावानिशी बोट ठेवलेले होते. ९ जानेवारी १९९३ रोजी सुलेमान बेकरीत झालेला गोळीबार त्यांतलाच. त्या कारवाईचे नेतृत्व करणारे सहआयुक्त रामदेव त्यागी हे मधल्या काळात, १९९५ साली, मुंबईचे पोलीस आयुक्तही झाले होते. पुढे खटला भरला गेला, आणि २००३ साली सत्र न्यायालयाने त्यांच्यासह नऊ जणांना आरोपमुक्त केले. न्यायालयाने जे केले ते पुराव्याकडे पाहून केले असणार, त्याविषयी मी बोलत नाही. खात्याने आपल्या हातातल्या त्या शिक्षांच्या उतरंडीचे काय केले, हा प्रश्न मात्र उरतो. ती उतरंड न्यायालयासाठी थांबलेली नसते. माझ्या ओळखीच्या हवालदारांचे बक्कल तपासताना ती कधी थांबली नाही.

आणि तिसरे उदाहरण तर अगदी अलीकडचे. परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा अभियंता. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर डिसेंबर २००२मध्ये त्याला पकडले. जानेवारी २००३मध्ये तो पोलिसांच्या ताब्यातून पळाला असे सांगण्यात आले. पुढे राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला, कोठडीतल्या मृत्यूचा गुन्हा उभा राहिला, चार पोलीस आरोपी झाले आणि २००४ साली निलंबित झाले. त्यांतले सचिन वाझे. खटला रेंगाळत राहिला. मुलासाठी न्याय मागणारी आई कोर्टाच्या तारखा मोजीत राहिली. आणि जून २०२०मध्ये, करोनाच्या साथीत मनुष्यबळ कमी पडते या कारणास्तव, निलंबितांना पुन्हा कामावर घेण्यात आले. त्याच दिवसांत आमच्या वस्तीतले पंचावन्नच्या वरचे पोलीस प्रकृतीच्या काळजीने घरी बसवले होते. ते गॅलरीत खुर्ची टाकून वर्तमानपत्रात ही बातमी वाचत होते. पुढचे सर्वांना माहीत आहे. मार्च २०२१मध्ये वाझे यांना दुसऱ्याच प्रकरणात अटक झाली, आणि मे महिन्यात बडतर्फी आली. तीही ३११व्या कलमाच्या त्याच मागच्या दाराने, चौकशीवाचून. म्हणजे ते दार अजून मोडलेले नाही, बिजागऱ्यांना तेल घातलेले आहे. ख्वाजा युनूसच्या खटल्यात अठरा वर्षे होऊनही तोवर निकाल लागला नव्हता.

मध्ये एक चांगली गोष्ट झाली तीही सांगितली पाहिजे. प्रकाश सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना आदेश दिले. त्यांत एक असा होता की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पोलिसांपासून वेगळ्या प्राधिकरणाने ऐकाव्यात. महाराष्ट्राला कायदा बदलून ते करायला आणखी आठ वर्षे लागली. पण आज राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, आणि एखाद्या गरीब माणसाने तिथवर जावे असे मला वाटते. वाटते, असेच म्हणते. कारण मी एका माणसाला तसे सांगितले होते.

तो २०१९चा गणपती. लालबागला त्या दिवसांत पोलिसाच्या पायांना बसणे माहीत नसते. देवनारच्या पोलीस ठाण्यात एका शिपायानेच वेळापत्रक मांडून आठ तासांच्या पाळीची सोय काढली होती, २०१६ साली, आणि ती पुढे शहरभर नेली गेली. पण गणपतीत आठ तास कुठले? आमच्या ओळखीचे एक हवालदार रांगेजवळच्या कठड्यापाशी होते. मूळचे साताऱ्याकडचे, थोडे बोलणारे, निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. पहाटे तीनच्या सुमारास एक पोरगा चहाची किटली घेऊन कठड्याच्या आतून जात होता. पोलिसांनाच चहा देणारा पोरगा, एकोणीस वर्षांचा. तिथल्या फौजदारांनी त्याला आडवे जाण्यावरून हटकले. त्याने "साहेब, तुमच्याच माणसांना चहा" एवढेच म्हटले. फौजदारांचा हात त्याच्या कानावर बसला. के. ई. एम. रुग्णालयाच्या कागदावर कानाचा पडदा फाटल्याचे लिहून आले.

मुलाचे वडील भाजीची पाटी घेऊन बसतात. पोलीस ठाण्यात त्यांची तक्रार कोणी लिहून घेतली नाही. म्हणून त्यांनी ती कोणाकडून तरी लिहवून वरच्या कार्यालयात टपालाने धाडली. प्राथमिक चौकशी निघाली आणि त्या वेळी कठड्यापाशी कोण होते म्हणून आमच्या हवालदारांना लेखी म्हणणे द्यायला सांगितले.

आधी त्यांच्या पत्नी आल्या. हातात पिशवी, पिशवीत कागद. म्हणाल्या, "बाई, त्यांचं लक्ष गर्दीकडं होतं, असं लिहून द्या. खोटं कुठं आहे त्यात? बंदोबस्ताला उभ्या माणसाचं लक्ष गर्दीकडंच असतं की." मी म्हटले, "वहिनी, लिहिते. पण त्यांनी येऊन सांगू दे." त्यांना ते आवडले नाही. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा पोलीस भरतीची तयारी करीत होता, नायगावच्या मैदानावर पहाटे धावत होता. त्यांच्या भीतीला नावे ठेवण्याचा मला काही अधिकार नव्हता, आणि मी ठेवली नाहीत.

संध्याकाळी हवालदार आले. चहा घेतला. कागद पुढे ओढला तरी ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी म्हटले, "वहिनी म्हणत होत्या, तुमचं लक्ष गर्दीकडे होतं."

"व्हतं," ते म्हणाले. "पर ते पोरगं गर्दीतच व्हतं."

मग त्यांनी सांगितले ते मी लिहिले. मी तिथे उभा होतो. मुलाच्या हातात किटली होती. त्याने शिवी दिली नाही, धक्का दिला नाही. साहेबांनी त्याच्या डाव्या कानावर एकदा मारले. किटली पडली. तेवढेच. मी विचारले की 'जोरात' लिहू का. ते म्हणाले, "जोर मी कशानं मोजू? पडदा फाटला ते डाक्टरनं लिवलंय. मी बघितलं तेवढंच ऱ्हाऊ द्या." माझ्या कादंबऱ्यांची परीक्षणे करणाऱ्यांपैकी कोणी मला याहून चांगला सल्ला दिलेला नाही. 'सविनय सादर' होतेच. 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' मात्र त्यांनी काढायला सांगितले. म्हणाले, "मला कशाची सहानुभूती पायजे?"

चार-पाच महिन्यांनी मुलाच्या वडिलांना पत्र आले. ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले; हवालदारांनीच माझे नाव सांगितले असावे. पत्रात एकच वाक्य होते: आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. वडिलांनी मला विचारले, "बाई, योग्य ती म्हणजे कोणती?" इतकी वर्षे मी मराठी शिकवते आहे, या दोन शब्दांचा अर्थ मला सांगता आला नाही, कारण तो त्या पत्रात ठेवलेलाच नव्हता. मी त्यांना तक्रार प्राधिकरणाची माहिती दिली, अर्ज लिहून देते म्हटले. त्यांनी हिशेब केला. एक दिवस तिकडे गेला म्हणजे एक दिवसाची भाजी. पुन्हा बोलावले तर आणखी एक. "त्याला उजव्या कानानं चांगलं ऐकू येतं," ते म्हणाले, आणि पत्र घडी करून खिशात ठेवले. फेकले नाही. मग मार्चमध्ये टाळेबंदी आली, आणि सगळ्यांच्याच पाट्या उठल्या.

फौजदारांना सक्त ताकीद मिळाली होती, हे पुढे हवालदारांकडूनच कळले. खात्यातल्या बातम्या खात्यात लपत नाहीत; लपतात त्या आपल्यापासून. फौजदार होते तिथेच राहिले. हवालदारांची बदली सशस्त्र विभागात झाली. नियमित बदल्यांची यादी होती, त्यात नाव होते; सुडाने केली असे म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि ते स्वतःही तसे म्हणाले नाहीत. वहिनी मात्र वर्षभर माझ्याशी मोजके बोलत. त्या दिवाळीत आमच्याकडे त्यांच्या घरची चकली आली नाही. दुसऱ्या दिवाळीत आली.

निवृत्तीच्या आधी सहा महिने हवालदारांची शेवटची कसुरी निघाली. पाहणीच्या वेळी छातीवरची नावाची पट्टी एका बाजूने लोंबत होती. मागची टाचणी निसटली होती. ते कागद घेऊन आले. मी सवयीने मनात मजकूर जुळवू लागले: घाईची वेळ, लोकलची गर्दी, सेवेची तेहतीस वर्षे. त्यांनी थांबवले. म्हणाले, "लिवा, पट्टी लोंबत व्हती, हे खरं हाय." एवढाच खुलासा गेला. असा खुलासा मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. खालच्या कारकुनाने, हा अपुरा आहे, म्हणून तो एकदा परतही पाठवला होता. हवालदारांनी तोच पुन्हा दिला.

त्यांना सक्त ताकीद मिळाली.